बाधित आहे, पण कोणत्या वाणाने?

अमेरिकेच्या ईशान्य भागात मे महिना लागला की आरोग्य खात्यांची आणि विद्यापीठांची माणसं पांढरं कापड घेऊन रानात उतरतात. काठीला बांधलेलं कापड पालापाचोळ्यावरून सावकाश ओढायचं, थोड्या थोड्या अंतरावर उलटून बघायचं, आणि खसखशीच्या दाण्याएवढं काही हलताना दिसलं की चिमट्याने उचलून कुपीत टाकायचं. ही गोचिडीची मधली अवस्था, निंफ. माणसाला लाइम आजार होतो तो बहुतेक वेळा हिच्याच चाव्यातून. पुढे प्रयोगशाळेत तपासणी होते आणि इतके टक्के गोचिडी बाधित, असा आकडा जाहीर होतो.

हा आकडा अपुरा आहे, कारण बाधा करणारा जिवाणू एकाच वाणाचा नसतो.

शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांना १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवरून आणलेल्या गोचिडींत लाइम आजाराचा हा जिवाणू दिसला. बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. गोचीड रक्त प्यायला लागली की तिच्या पोटातला हा जिवाणू आपल्या अंगावर ‘ओएसपी-सी’ नावाचं प्रथिन चढवतो. त्याशिवाय त्याला नव्या शरीरात पाय रोवता येत नाहीत. हे प्रथिन जिवाणूच्या वाणागणिक वेगळं असतं. ईशान्य अमेरिकेत त्याचे पंधराहून अधिक प्रकार सापडले आहेत, आणि एकाच गोचिडीत दोन-तीन वाण नांदत असणं हे तर नेहमीचंच.

एखादा जोरकस वाण बाकीच्यांना हुसकून का लावत नाही? याचं उत्तर उंदरांपाशी सापडतं. गोचीड अंड्यातून निघते तेव्हा तिच्यात हा जिवाणू नसतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला निंफ पांढऱ्या पायांच्या उंदरांना चावतात आणि ऑगस्टच्या सुमारास गोचिडींची नवी पिल्लं त्याच उंदरांच्या रक्तातून जिवाणू उचलतात. ज्या वाणाचा सुळसुळाट जास्त, त्याच्याविरुद्ध बऱ्याच उंदरांच्या अंगात आधीच प्रतिकारशक्ती तयार असते. विरळ वाणाला मात्र वाट मोकळी मिळते. ब्रिसन आणि डायखाउझन या संशोधकांनी २००४मध्ये दुसरं कारण पुढे ठेवलं: उंदीर, चिपमंक, चिचुंद्री, खार या प्रत्येकात वेगवेगळे वाण चांगले तगतात. मला दोन्ही कारणं पटतात. जंगलात ती एकाच वेळी काम करत असणार.

याचा माणसाशी थेट संबंध आहे. काही वाण बहुधा चावल्यावर कातडीवर उठणाऱ्या चट्ट्याच्या जागीच थांबतात, काही रक्तात उतरून सांधे, हृदय, मज्जासंस्था गाठतात. शिवाय एका वाणाविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवेलच असं नाही. २०१२मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पुन्हा पुन्हा चट्टा उठलेल्या १७ रुग्णांचा अभ्यास आला. लागोपाठच्या दोन आजारांत एकाही रुग्णात तोच वाण निघाला नाही. म्हणजे औषधाने जुना आजार बरा झाला होता आणि नवी गोचीड चावली होती. ‘गोळ्या घेऊनही गेलाच नाही’ असं समजून वर्षानुवर्षं धास्तावलेल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! न्यू जर्सीत राहणाऱ्या, सुट्टीला रानवाटांवर जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ती ठाऊक हवी.

म्हणून सरकारी प्रयोगशाळांनी बाधित गोचिडींची टक्केवारी सांगताना वाणही नोंदवावा, आणि तपासून झालेले नमुने गोठवून जपावेत. कापड ओढण्याचे कष्ट आणि खर्च तसेही होतातच. त्या कुपीत कोणता वाण आहे हे न बघता ती टाकून देणं मला अक्षम्य वाटतं.