प्राण्याचं नको, फुकटचं चालेल?



माझी साताऱ्याची भाची विमानतळावरच्या एका दुकानात नोकरी करते. परवा सांगलीला आली होती. तिनं सांगितलेला किस्सा ऐकून आधी मी पोट धरून हसले.

एक काकू दुकानात आल्या. क्रीमची डबी उचलून विचारलं, "बाळ, यात प्राण्याचं काही नाही ना? आम्हांला चालत नाही." भाचीनं बारीक अक्षरं वाचून खात्री दिली. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली आणि डबी काकूंच्या पर्समध्ये गेली. वर जाताना हात जोडून "जय जिनेंद्र"!

भाचीनं दारात गाठलं. "काकू, ती नमुन्याची डबी आहे, दहा जणींची बोटं लागलीत तिला. नवी देऊ का?"

"अगंबाई, पर्समध्ये कशी गेली!" काकूंनी डबी काढून दिली. मग नवीची किंमत विचारली. ऐकून म्हणाल्या, "एवढे पैसे? लूट आहे नुसती!"

हसून झालं आणि मला राग आला. चोर बाई कुठल्याही समाजात निघेल. पण आधी अहिंसेची चौकशी आणि मग चोरी, हे आपल्याच घरात शिकवलेलं आहे. पाच अणुव्रतांतलं एक आपण ताटात आणून ठेवलं आणि अचौर्य पाठशाळेच्या वहीत राहिलं. चातुर्मासात कांदा-बटाटा सोडलेल्या बायका धर्मशाळेचा पेला "आठवण म्हणून" घरी आणतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भाजीवालीकडून न विचारता मूठभर कोथिंबीर उचलणारी तर मी स्वतःच होते. (आता विचारून घेते. ती नाही म्हणत नाही, हा भाग वेगळा.)

हे फक्त आपलंच नाही, हेही खरं. 2017 साली मुंबई-गोवा तेजस एक्सप्रेस सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत हेडफोन गायब झाले. पण त्या प्रवाशांनी व्रत घेतलं नव्हतं. आपण घेतो, तेही समाजासमोर उभं राहून.

"एवढ्याशा डबीनं काय बिघडतं? कंपन्या काय कमी लुटतात?" असं मंडळात एकजण म्हणालीच. तत्त्वार्थसूत्रात चोरीची व्याख्या किमतीवर नाही. न दिलेलं घेणं, बस्स. चोरीचा माल विकत घेणं आणि मापात मारणंसुद्धा त्याच व्रताचे अतिचार आहेत. आणि मी बी.कॉम. आहे, हिशोब मला कळतो: महिनाअखेरीला माल कमी भरला की कंपनीच्या मालकाला कुणी विचारत नाही, काउंटरवरच्या पोरीला विचारतात.

नव्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत केली, तर समाजसेवेची शिक्षा आहे. आमच्या मंडळात सेवेला माणसं कमी पडतात, पण अशी नकोत.

येत्या दशलक्षणात उत्तम शौचाच्या दिवशी मी एकच नियम सुचवणार आहे: घरात शोधायचं, दुसऱ्याचं नाव कोरलेली भांडी किती आहेत. माझ्याकडे दोन ताटल्या आणि एक झारा निघाला. झारा कुणाचा, अजून कळलेलं नाही.