खाती पोचली, आता शाखाही मागावी

पुण्या-मुंबईच्या एखाद्या चौकात चारी बाजूंना बँकांच्या पाट्या दिसतात. भामरागड किंवा धडगाव तालुक्यातल्या दूरच्या पाड्यावरचा माणूस मात्र दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडे भरून बँकेत पोचतो. लिंक गेलेली असली, की पुन्हा तीच पायपीट.

2014 साली जनधन योजना आली आणि घरोघरी खाती उघडली. रोजगार हमीची मजुरी, निराधारांचे अनुदान, ‘लाडकी बहीण’चे पैसे, सारे आता खात्यातच जमा होते. शाखा दूर तेवढे ते पैसे हातात यायला अवघड.

सरकारने मनावर घेतले, तेव्हा हे अंतर कमी झाले होते. 1969 साली 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाच्या विचारातून अग्रणी बँक योजना आली आणि एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर पडली. 1977 ते 1990 या काळात तर शाखा असलेल्या ठिकाणी आणखी एक उघडायची, तर शाखा नसलेल्या चार ठिकाणी उघडावी लागे.

रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार नव्या बँकिंग केंद्रांपैकी किमान 25 टक्के केंद्रे बँक नसलेल्या ग्रामीण भागात हवीत. पण दिवसाला चार तास, आठवड्यातून पाच दिवस बसणारा बँक मित्र, म्हणजे बँकेचा गावातला प्रतिनिधीही यात केंद्र म्हणून मोजला जातो. त्याच्याकडे पैसे काढता येतात. पीककर्ज मंजूर करणे त्याच्या हाती नसते. मग शेतकरी सावकाराचे दार गाठतो.

शहरांतही सगळ्या वस्त्यांना सारखा न्याय नाही. काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्या ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवल्याची नोंद सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात आहे.

म्हणून ग्रामसभांना आणि वस्त्यांतल्या मंडळांना, महिला बचत गटांना हे आवाहन. शाखा किती किलोमीटरवर आहे, एसटीच्या फेऱ्या किती, बँक मित्र खरोखर किती तास बसतो, याची नोंद करावी. ठराव करून तो जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा. बँकांच्या कामाच्या जिल्हास्तरीय आढावा समितीच्या बैठकांना आमदार-खासदारांनाही बोलावले जाते. तिथे हा विषय मांडला का, हे त्यांना विचारावे. गावातली एकमेव शाखा बंद होणार असे कळले, तर लगेच हरकत नोंदवावी, कारण त्यासाठी जिल्हा समितीची संमती लागते.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव घ्यावा, त्याची पोच जपून ठेवावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.