मेण किती ग्रॅम, बॉस?

‘टेम्परेचर कंट्रोल’वालं महागडं जॅकेट बघून खिशात हात घालताय? एक मिनिट! मला स्वतःला ही आयडिया जाम आवडते. कापडात मेणाचे सूक्ष्म थेंब, प्रत्येकाभोवती पॉलिमरचं कवच. साधारण २८ अंशांना मेण वितळतं, ग्रॅममागे सुमारे २०० ज्यूल उष्णता पितं. कवचामुळे गळत मात्र नाही. एसीत शिरलात, की गोठताना तीच उष्णता परत! १९८०च्या दशकात नासासाठी झालेल्या संशोधनातून हे आलं. पण हिशेब करा राव. ५० ग्रॅम मेण धरलं, तर १०,००० ज्यूल. नुसतं बसलेलं शरीर सेकंदाला साधारण १०० ज्यूल सोडतं. म्हणजे शंभर सेकंदांत खेळ खल्लास! तेव्हा दुकानात रंग नंतर विचारा. आधी विचारा, मेण किती ग्रॅम?