कप आला, आता पुढे काय?

त्या रविवारी रात्री आमच्या गल्लीत बारा वाजून गेल्यावर फटाके वाजले. तुळशीच्या लग्नाचे दिवस होते, त्यामुळे घरोघरी दिवाळीतले चार-दोन फटाके शिल्लक होतेच. समोरच्या काकू गॅलरीत येऊन विचारायला लागल्या, "अहो, इतक्या रात्री कुणाचं लग्न लागलं?" मी म्हटलं, "लग्न नाही हो काकू, आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला!"

तारीख होती २ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबईतलं डी. वाय. पाटील स्टेडियम. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला, म्हणून संपायलाही मध्यरात्र झाली. भारताच्या २९८ धावा, दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ वर संपला, म्हणजे आपण ५२ धावांनी जिंकलो. शेफाली वर्मानं ८७ धावा केल्या. ही मुलगी मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐनवेळी तिला बोलावणं आलं. दीप्ती शर्मानं आधी अर्धशतक काढलं आणि मग पाच बळी घेतले. शेवटचा झेल कर्णधार हरमनप्रीतच्या हातात विसावला आणि मी चक्क रडले. आमचे हे म्हणाले, "अगं, जिंकलो ना, मग रडतेस काय?"

काय सांगू मैत्रिणींनो! १९८३ साली कपिल देवच्या संघानं कप जिंकला तेव्हा मी सातवीत होते. घरी टीव्ही नव्हता, रेडिओवर कॉमेंट्री ऐकली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली सगळी मुलं कपिल देव झाली. मी कोण झाले? फील्डर. गटारात गेलेला बॉल काढून द्यायचा आणि बॅटिंग मागितली की "तू लिंबूटिंबू" असं ऐकून घ्यायचं. त्या रात्री मला तो बॉल आठवला.

असो. आनंद झाला, पेढे वाटले, पेपरातली कात्रणंही कापून ठेवली. पण माझ्यासारख्या जुन्या क्रिकेटवेडीला खरा प्रश्न पुढचा पडतो. एक कप जिंकणं आणि मोठा संघ होणं या दोन गोष्टी एकच आहेत का?

तर नाहीत. पुरुषांचंच बघा ना. १९८३ नंतर एकदिवसीय वर्ल्ड कप पुन्हा आपल्या घरी यायला २०११ साल उजाडलं, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षं. वेस्ट इंडिजनं तर १९७५ आणि १९७९ असे पहिले दोन्ही कप जिंकले होते. त्यांच्या नावानं बॅट्समनला घाम फुटायचा. तोच संघ २०२३ च्या वर्ल्ड कपसाठी पात्रसुद्धा ठरला नाही. एका पिढीत चार-पाच हिरे निघाले म्हणून पुढच्या पिढीत निघतीलच असं नाही. त्यासाठी खाण चालू ठेवावी लागते.

ती खाण कशी चालू ठेवायची, हे ऑस्ट्रेलियाच्या बायकांकडून शिकावं. त्यांच्याकडे एकदिवसीय वर्ल्ड कप एक-दोन नाही, सात आहेत. इंग्लंडकडे चार, न्यूझीलंडकडे एक आणि आता आपला एक. ऑस्ट्रेलियात महिलांची राज्याराज्यांची स्पर्धा १९९६ पासून नियमित चालते, बिग बॅश लीग २०१५ मध्ये सुरू झाली. त्यामुळे एक खेळाडू निवृत्त झाली की तिच्या जागेसाठी मागे रांग तयार असते. आपल्याकडची महिला प्रीमियर लीग, म्हणजे डब्ल्यूपीएल, सुरू झाली २०२३ मध्ये. आणि दोन वर्षांनी कप आला! नुसत्या लीगमुळे आला असं मी म्हणणार नाही, पण पंचवीस हजार लोकांच्या आरडाओरड्यात खेळायची सवय काही घरच्या अंगणात लागत नाही. सेमीफायनलमध्ये त्याच ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ करून गेली, ती सवय तिथे दिसली. २०१७ च्या फायनलमध्ये लॉर्ड्सवर आपण जिंकत आलेला सामना नऊ धावांनी घालवला होता. तीन बाद १९१ वरून २१९ मध्ये सगळ्या बाद! त्या वेळी कमी पडली होती ती हीच सवय.

दुसरी गोष्ट पैशाची. पैशाचं नाव काढलं की आपण बायका जरा संकोचतो, पण बोलायला हवं. आपल्याकडे महिला क्रिकेटची संघटना १९७३ साली उभी राहिली. त्या काळातल्या खेळाडूंनी रिझर्वेशन नसलेल्या डब्यातून प्रवास केले, डॉर्मिटरीत जमिनीवर झोपल्या. २००६ मध्ये हा कारभार बीसीसीआयकडे आला. वार्षिक करार मिळायला २०१५ उजाडलं. २०२२ मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकंच करण्याचा निर्णय झाला: कसोटीला १५ लाख, वन-डेला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख. छान झालं. पण पुरुष सामने किती खेळतात आणि बायका किती? मानधन समान असलं तरी सामनेच कमी असतील, तर वर्षाची बेरीज समान कशी होणार? वार्षिक कराराचंही तसंच. २०२४-२५ च्या यादीत पुरुषांच्या सर्वात वरच्या श्रेणीला ७ कोटी होते, बायकांच्या वरच्या श्रेणीला ५० लाख. कप जिंकल्यावर ५१ कोटींचं बक्षीस जाहीर झालं, त्याचा आनंद आहेच. पण बक्षीस एकदाच मिळतं. किराणा दर महिन्याला भरावा लागतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा संघ आला कुठून? हरमनप्रीत मोग्याची, शेफाली रोहतकची, दीप्ती आग्र्याची, रिचा घोष सिलिगुडीची, क्रांती गौड मध्य प्रदेशातल्या घुवारा नावाच्या छोट्या गावची, श्री चरणी कडप्पा जिल्ह्यातली. आणि आपली स्मृती मानधना सांगलीची! मुंबई-दिल्लीच्या क्लबात वाढलेल्या मुली होत्याच, पण निम्म्याहून जास्त संघ तुमच्या-माझ्यासारख्या गावांतून आला. स्मृतीनं भावाला खेळताना पाहून बॅट हातात घेतली. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात होती. शेफालीला मुलांच्यात खेळायला मिळावं म्हणून केस कापून मुलगा व्हावं लागलं होतं. एकीच्या घरानं वाट करून दिली, दुसरीला वेश बदलावा लागला. आता मला सांगा, जिच्या घरानं वाटही दिली नाही आणि जिला वेशही बदलता आला नाही, अशा किती जणी असतील?

एक आमच्याच घरात आहे. माझी भाची, तेरा वर्षांची. मुलांच्यात खेळते, ऑफ स्पिन टाकते, आणि बरी टाकते. कप आला त्याच आठवड्यात ती म्हणाली, "आत्या, मला कोचिंग लाव." आम्ही तालुक्याच्या एका क्लबात गेलो. तिथे सांगितलं, "मुलींची बॅच नाही. मुलांच्यात चालेल का?" मी म्हटलं चालेल. मग कळलं की कपडे बदलायला खोली नाही आणि बाथरूम आहे ते मुलांचं. तेरा वर्षांच्या मुलीला चार तास मैदानावर ठेवायचं आणि बाथरूम नाही! दुसरी बॅच जिल्ह्याच्या गावी, एसटीनं जायला सव्वा तास.

माझा भाऊ म्हणाला, "दहावी होऊ दे, मग बघू." वहिनी काही बोलली नाही, पण तिच्या डोळ्यांत भीती होती. आणि मैत्रिणींनो, ती भीती खोटी नाही. हिशेब करून बघा. भारताच्या संघात पंधरा जणी. डब्ल्यूपीएलचे संघ पाच, एकेका संघात जास्तीत जास्त अठरा खेळाडू, त्यातही काही परदेशी. म्हणजे एवढ्या मोठ्या देशातून शंभर मुलींनासुद्धा तिथे जागा नाही. रेल्वेसारख्या ठिकाणी खेळाडू म्हणून नोकरी मिळते, हरमनप्रीतही रेल्वेत होती, पण त्याही जागा मोजक्याच. आपली मुलगी त्यात बसेलच असं कोणती आई छातीठोकपणे सांगेल?

मी भावाला एवढंच म्हटलं, "तिला स्मृती करायचं नाहीये. तिला खेळू द्यायचंय." शेजारच्या मुलाला क्रिकेटच्या बॅचला घालताना कोणी विचारतं का, की हा विराट होणार का? तो जातो, घाम गाळतो, दोन वर्षांनी सोडतोही. त्याच्यासारखे हजारो खेळतात आणि सोडतात, तेव्हा कुठे त्यातला एक वर पोचतो. मुलींच्या बाबतीत मात्र आपल्याला आधी खात्री हवी असते. खात्रीशिवाय मैदानावर पाठवायचं नाही आणि मैदानावर गेल्याशिवाय खात्री पटायची नाही, असा हा घोळ आहे. उद्याचा मोठा संघ हवा असेल तर खेळून सोडून देणाऱ्या हजारो मुलीही हव्यात. माझं तर म्हणणं आहे, सोडून देणाऱ्या मुलींचाही त्या कपात वाटा असतो.

दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीच म्हणाली, "शनिवार-रविवार तुम्ही सोबत जाल का वन्सं?" आता मी जाते. पासष्ट किलोच्या या बाईला एसटीत खिडकी मिळाली तर मिळाली, नाहीतर उभं राहून. भाची नेटमध्ये असते तेव्हा मी बाकावर बसून भाजी निवडते. तिथे सहा मुली होत्या, आता नऊ झाल्या.

तुमच्याही घरात, शेजारी अशी एखादी असेल. तर एवढं करा. आपल्या राज्यात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत: मुंबई, विदर्भ आणि बाकीच्या जिल्ह्यांसाठी पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन. पंधरा, एकोणीस आणि तेवीस वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा बीसीसीआय भरवते, त्यासाठी राज्याचे संघ निवडले जातात. आपल्या जिल्ह्याच्या संघटनेला विचारा की मुलींची निवड चाचणी कधी असते. मैदानावर बाथरूम आहे का, हे चार आयांनी मिळून विचारा. एकटीनं विचारलं तर ती तक्रार होते, चौघींनी विचारलं तर मागणी होते. आणि मुलगी मोठी झाली म्हणून तिची बॅट माळ्यावर टाकू नका.

कप जिंकल्यावर या पोरींनी एक फार छान गोष्ट केली होती. मिताली राज, झूलन गोस्वामी, अंजुम चोप्रा मैदानात होत्या, त्यांच्या हातात कप दिला. २००५ ची फायनल मितालीच्या नेतृत्वाखाली आपण ऑस्ट्रेलियाकडून हरलो होतो, २०१७ चीही तिच्याच. तिला कप मिळाला नाही, पण तिच्याशिवाय तो आलाही नसता.

२०२८ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट असणार आहे, बायकांचंही. तिथे फक्त सहा संघ. आपल्या मुली तिथे असाव्यात, पदक आणावं, आणि त्यानंतरही दर वेळी आपल्या नावाचा दरारा असावा, असं मला फार वाटतं. वेड आहे म्हणा. पण ते स्वप्न पुरं व्हायचं तर त्याची सुरुवात लॉस एंजेलिसला होणार नाही, आमच्या एसटी स्टँडवरच होईल.

परवा भाचीनं गल्लीतल्या मुलांच्या मॅचमध्ये तीन विकेट काढल्या. बॉल गटारात गेला तेव्हा तो काढायला कोण गेलं माहितीये? पलीकडच्या घरातला मुलगा. मी खिडकीतून बघत होते. पुन्हा डोळ्यांत पाणी आलं, पण या वेळी ह्यांनी कारण विचारलं नाही.