भाकरीचा हिशेब

जुन्नर तालुक्यातील आणे गावी रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीस हजारो भाविक आमटी-भाकरीच्या महाप्रसादाला बसतात. आमटी मोठमोठ्या कढयांत सामुदायिक रीतीने शिजते. भाकऱ्या घरोघरच्या चुलींवरून येतात. शेतातील बाजरी घरीच खाल्ली तरी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. तिची भाकरी थापण्या-भाजण्याचे श्रम मात्र धरले जात नाहीत. हीच गत दिवाळीच्या करंजीची आणि होळीच्या पुरणपोळीची. दुकानातून आणली तर ते उत्पादन, घरी लाटली तर केवळ हौस! २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ९७. परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी या श्रमांची वाटणी करावी. सण सर्वांचा असेल, तर चूलही सर्वांचीच असली पाहिजे.