पास झेलायचाय? आधी रेफरीला सांग!

अमेरिकन फुटबॉलशी आपली ओळख बहुतेक रीलपुरतीच. हेल्मेटवाले धिप्पाड गडी एकमेकांवर आदळतात, लंबगोल बॉल हवेत जातो, कुणीतरी तो झेलतो आणि स्टेडियम वेडं होतं. पण तो बॉल ‘कुणीतरी’ झेलून चालत नाही, हे रीलमध्ये कळत नाही. तो कुणी झेलायचा याचा कडक नियम आहे, आणि त्या नियमावरून एका टीमच्या हातातली मॅच गेली आहे.

तारीख ३० डिसेंबर २०२३. टेक्सासमध्ये डॅलस काउबॉइज विरुद्ध डेट्रॉइट लायन्स. शेवटची २३ सेकंद उरलेली असताना लायन्सने टचडाउन केला आणि स्कोअर झाला २०-१९. आता साधी किक मारली असती तर बरोबरी झाली असती. कोच डॅन कॅम्पबेल यांनी बरोबरी नाकारली आणि दोन पॉइंटसाठी डाव लावला. क्वार्टरबॅक जॅरेड गॉफने पास टाकला, ६८ नंबरच्या टेलर डेकरने तो गोलरेषेपलीकडे झेलला. लायन्स पुढे! पण मैदानावर पिवळा रुमाल पडला होता. रेफरी ब्रॅड ॲलन यांचं म्हणणं असं, की ‘मी पास झेलणार’ अशी नोंद ७० नंबरच्या डॅन स्किपरने केली होती, डेकरने नाही. डेकर म्हणाला, मी सांगितलं होतं. पॉइंट रद्द झाले, पुढचे प्रयत्न फसले आणि लायन्स एका पॉइंटने हरले.

आता तुम्ही म्हणाल, बॉल झेलायला कसली आलीये परवानगी? तीच तर गंमत आहे.

अकरापैकी पाच जण बाद

बॉल जिथे ठेवलेला असतो तिथून मैदानाच्या रुंदीभर एक काल्पनिक रेषा असते, तिला स्क्रिमेज लाइन म्हणतात. चाल सुरू होताना आक्रमण करणाऱ्या टीमच्या अकरापैकी किमान सात जण या रेषेवर हवेत. उरलेले जास्तीत जास्त चार मागे. रेषेवरच्या सातांपैकी फक्त दोन टोकांचे खेळाडू पुढे फेकलेला पास झेलू शकतात. मधले पाच नाहीत. त्यांचं काम वाट अडवायची, क्वार्टरबॅकला वाचवायचं. म्हणजे झेलू शकणारे सहा. त्यातला एक सहसा पास टाकणारा क्वार्टरबॅकच, म्हणून प्रत्यक्षात उरले पाच. टोकाच्या खेळाडूच्याही बाहेर चुकून कुणी रेषेवर उभं राहिलं, तर आतला आपोआप बाद.

दुसरी चाळणी जर्सीच्या नंबरची. एनएफएलमध्ये ५० ते ७९ आणि ९० ते ९९ हे नंबर पास न झेलणाऱ्यांचे. अशा नंबरच्या खेळाडूला झेलणाऱ्याच्या जागी उभं राहायचं असेल, तर चाल सुरू होण्याआधी रेफरीकडे जाऊन तसं सांगावं लागतं. मग रेफरी ते समोरच्या टीमला कळवतो.

हे सगळं कशासाठी? समोरच्या टीमला कळावं म्हणून. कुणाच्या मागे धावायचं हे बचाव करणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे. तो चुकला तर त्याचा दोष, पण ओळखण्याची संधी त्याला मिळालीच पाहिजे.

नियम आले कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ म्हणजे जवळजवळ मारामारी होती. १८९२ मध्ये हार्वर्डच्या टीमने येलविरुद्ध ‘फ्लाइंग वेज’ आणला. सगळे गडी पाचरीसारखे एकत्र येऊन धावत एका माणसावर आदळायचे. मैदानावर कॉलेजची पोरं मरत होती. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ मध्ये पुढे पास टाकायला परवानगी मिळाली, म्हणजे खेळ मोकळा झाला. १९१० मध्ये सात जण रेषेवर असण्याची सक्ती आली, म्हणजे मागून झुंडीने धावत येणं संपलं. आज किचकट वाटणारा हा नियम तुमच्याच वयाच्या मुलांचे जीव वाचवायला झालेला आहे.

फटी शोधणारे

नियम आला की फट शोधणारेही आलेच. कॅलिफोर्नियातल्या पीडमाँट हायस्कूलच्या कोचनी २००७ मध्ये ‘ए-११’ नावाची रचना आणली. किक मारण्याच्या रचनेत नंबरच्या नियमातून सूट असते. त्यांनी ती सूट जवळपास प्रत्येक चालीत वापरली आणि अकराही जणांना झेलणाऱ्यांचे नंबर दिले. झेलणार कोण, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळेना. २००९ मध्ये शालेय फुटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेने ही फट बुजवली.

जानेवारी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध उलटी चाल केली. झेलणाऱ्या नंबरचा शेन व्हेरीन ‘मी झेलणार नाही’ असं रेफरीला सांगून झेलणाऱ्यांच्या जागी, बाजूला जाऊन उभा राहिला. रेफरीने ते जाहीरही केलं. तरी रेव्हन्सचा गोंधळ उडाला. त्यांचे कोच जॉन हार्बॉ संतापून मैदानात आले आणि दंड ओढवून घेतला. पेट्रियट्स ३५-३१ ने जिंकले. चाल नियमात बसणारी होती. पण त्याच वर्षी मार्चमध्ये नियम बदलला. आता असा खेळाडू मधल्या गड्यांपासून लांब उभा राहू शकत नाही.

मग लायन्सचं काय चुकलं? त्या चालीआधी त्यांचे तीन लाइनमन रेफरीच्या दिशेने गेले होते. नोंद कुणी केली याबद्दल काउबॉइजच्या मनात गोंधळ व्हावा, हा हेतू. ही चाल पंचांना मॅचआधी समजावून सांगितली होती, असं कॅम्पबेल म्हणाले. पण ठकवायचं होतं समोरच्याला आणि गोंधळला रेफरी! त्याने ७० नंबर जाहीर केला. म्हणजे काउबॉइजना डेकरबद्दल अधिकृतपणे काही कळलंच नव्हतं. डेकर खरं बोलत असेल, तर लायन्सवर अन्याय झाला. पण तो पास मान्य केला असता, तर काउबॉइजवर झाला असता.

मला यात एक फरक महत्त्वाचा वाटतो. समोरच्याला माहिती मिळते आणि तरीही तो फसतो, ही तुमची हुशारी. त्याच्यापर्यंत माहितीच पोहोचत नाही, तेव्हा मात्र खेळ बिघडतो. या कसोटीवर पेट्रियट्स पास होतात, ए-११ काठावर लटकतं. आणि लायन्सने नेमक्या त्या जागी धूर केला, जिथे सगळं स्वच्छ दिसणं त्यांच्याच फायद्याचं होतं. त्या सीझनमध्ये लायन्स, काउबॉइज आणि फोर्टीनायनर्स तिघांचेही १२ विजय आणि ५ पराभव झाले. लायन्सचं सुपर बोलचं स्वप्न पुढे फोर्टीनायनर्सच्या मैदानावर ३४-३१ ने मोडलं. तो एक पॉइंट किती महाग पडला, हे डेट्रॉइटवाल्यांना विचारा.

हा वाद संपलेला नाही. क्वार्टरबॅकला मागून ढकलत पुढे नेणारी फिलाडेल्फिया ईगल्सची ‘टश पुश’ चाल बंद करण्याचा प्रस्ताव मे २०२५ मध्ये मतदानाला आला. ३२ पैकी २४ मतं हवी होती, २२ मिळाली. झुंडीने ढकलण्याचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न नव्या कपड्यांत परत आलाय.

आणि आपला संबंध? ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या बैठकीत लॉस एंजेलिस २०२८ साठी क्रिकेटसोबत फ्लॅग फुटबॉललाही मंजुरी मिळाली. त्यात धडका नाहीत, कमरेची पट्टी ओढली की चाल संपते. एका बाजूला पाच खेळाडू, आणि पाचही जणांना पास झेलता येतो. कुणी कुणाला काही सांगायला जायची गरज नाही. २०२८ मध्ये क्रिकेटसाठी टीव्ही लावाल, तेव्हा मधल्या वेळात तेही बघा. नोंदीचा नियम नसेल तर फसवणूक संपते, की नव्या फटी सापडतात, ते तिथे कळेल.