गव्हाची बिअर, घरचे मडके आणि १८७८ चा कायदा

बिबवेवाडीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात कुरडया वाळतात. त्यासाठी गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलले जाते आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वासाने जिना भरून जातो. यंदा तो वास येताच शेजारच्या मित्राने विचारले, "एवढे झालेच आहे, तर याचीच बिअर का करू नये?" मी म्हणालो, "करू नकोस, गुन्हा आहे." पण तो गुन्हा कधी व कशासाठी ठरला, हे एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हा धागा.

तंत्राच्या दृष्टीने मित्र फारसा चुकला नव्हता. भिजलेल्या गव्हाला मोड आणून तो वाळवला की त्याचे माल्ट होते. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना आपल्या आज्या हेच करत आल्या. मोडामुळे जागी झालेली विकरे ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात पिष्टाची साखर करतात. गव्हाला जवासारखे टरफल नसते, त्यामुळे नुसत्या गव्हाचा लगदा गाळताना चिकटून बसतो. जर्मन पद्धतीत किमान निम्मा गहू आणि उरलेले जव, हे प्रमाण त्या दृष्टीनेही सोयीचे. पुढे हॉप्स घालून उकळणे, निववणे आणि यीस्ट. या बिअरचा केळी-लवंगेसारखा गंध त्या यीस्टचाच.

यीस्टसाठी आपल्याकडे जुना शब्द आहे: किण्व. 'किण्वन' त्यावरूनच आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात 'मेदक' या पेयाचे माप दिले आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. मद्याच्या धंद्यावर राज्याचा कडक ताबा सांगणारा हा ग्रंथ; तरीही कुटुंबांनी घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट करावे, अशी मुभा त्याच प्रकरणात आहे. उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची सवलत वेगळी. (ग्रंथातला नियम म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार नव्हे, हे मान्य.) पण घरचे मडके आणि विक्रीचे दुकान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या करलोभी ग्रंथालाही कळत होते.

हा फरक आपल्याकडे पुसला तो मुंबई अबकारी कायद्याने, १८७८ साली. ठाणे-कुलाब्याचे आदिवासी मोहाची दारू घरी गाळत; सणाला, लग्नाला, देवाला ती लागे. नव्या व्यवस्थेत गाळप उरणसारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत एकवटले आणि विक्री मक्तेदारांच्या दुकानांतून होऊ लागली. १८९२ च्या मोह कायद्याने तर झाडाखालची फुलेही सरकारी नियंत्रणात आली. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातेतील हीच कहाणी तपशीलवार मांडली आहे. या साऱ्यामागे लोकांच्या आरोग्याची काळजी होती, असे समजण्याचे कारण नाही. घरी फुकट मिळणारी वस्तू दुकानात कोण विकत घेणार, हा साधा महसुली हिशोब होता. गंमत अशी की खुद्द इंग्लंडात १८८० च्या कायद्याने घरी बिअर करणाऱ्याला परवाना देऊ केला आणि १९६३ मध्ये तोही अनावश्यक ठरवला.

मग दारूविरोधी चळवळींचे काय? त्या खऱ्या होत्या, आणि पुण्याने त्यांत मोठा वाटा उचलला. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये शहरातील वाढत्या दारू-दुकानांविरुद्ध लिहिले. १९०८ मध्ये टिळकांच्या नेतृत्वाखाली दुकानांपुढे निरोधने झाली. दोन्ही वेळा रोख होता दुकानावर, त्यातून तिजोरी भरणाऱ्या सरकारवर.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी अधिनियम आला. त्याच्या बाराव्या कलमाने मद्यनिर्मितीवर सरसकट बंदी घातली. पुढे परवान्यांच्या वाटेने कारखाने आले, बार आले आणि २००९ मध्ये पुण्यातच राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी, 'डूलाली', सुरू झाली. (हे नाव आपल्या देवळालीचे. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत वेडावलेल्या गोऱ्या शिपायांमुळे इंग्रजीत त्याचा अर्थच 'भ्रमिष्ट' झाला.) म्हणजे बंदीच्या कायद्यातून भांडवलवाल्याला वाट मिळाली, स्वयंपाकघरातले पातेले मात्र १८७८ मध्ये होते तिथेच राहिले.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मालवणीचा. २०१५ मध्ये मुंबईच्या त्या वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. पण ते मेथॅनॉल मिसळलेल्या, चोरून विकलेल्या दारूचे बळी होते. आंबवलेल्या धान्याच्या पातेल्यात ते विष त्या प्रमाणात तयार होत नाही. दुसरा आक्षेप 'आडवी बाटली'साठी मतदान करणाऱ्या स्त्रियांचा. घरातला पिणारा घरातच पिऊ लागला तर मार कोण खाणार, या प्रश्नाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. तरीही गाळप वर्ज्य, विक्री वर्ज्य आणि वर्षाला ठरावीक मर्यादा, अशा अटींवर आंबवण्याचा घरगुती परवाना द्यावा, असे माझे मत आहे. अमेरिकेने १९७८ मध्ये एका प्रौढामागे वर्षाला १०० गॅलनची मर्यादा घालून हेच केले. आपल्याकडे मात्र त्यासाठी विधिमंडळाला पावलावर पाऊल टाकण्याऐवजी कलमच बदलावे लागेल.

मित्राचा गहू अखेर सोऱ्यातून गच्चीवर उतरला. कुरडया उत्तम झाल्या आहेत.